खरेदीखतापासून सातबारापर्यंत : दोन कचेऱ्यांतील संगणकीय दुवा

शेतजमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदले गेले, मुद्रांक शुल्क भरले गेले, पैशांची देवघेव झाली. तरीही सातबारावर नाव लागेपर्यंत खरेदीदार निश्चिंत होत नाही. पीककर्जासाठी बँक उतारा मागते. शिवाय उताऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव राहिले, तर तीच जमीन दुसऱ्यांदा विकण्यास वाव मिळतो. अशा व्यवहारांतून उद्भवणारे दावे वर्षानुवर्षे चालतात.

यातील अडचण मुळात दोन खात्यांमधील अंतराची आहे. दस्ताची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंदणी खात्यात होते, तर अधिकार अभिलेख महसूल खात्याकडे असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ अन्वये जमिनीत हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावयाचे असते. मात्र नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळविणाऱ्यास या बंधनातून सूट आहे. त्याऐवजी दस्त नोंदणाऱ्या अधिकाऱ्यानेच तलाठी व तहसीलदार यांना सूचना पाठवावी, असे कलम १५४ सांगते. म्हणजे निरोप पोचविण्याची जबाबदारी शासनाने स्वतःकडे घेतली आहे. ही सूचना कागदावर जात असे तेव्हा ती पोचण्यास विलंब लागे, कधी ती मध्येच रेंगाळे, आणि मग खरेदीदार दस्ताची प्रत घेऊन स्वतःच तलाठ्याचे दार ठोठावी.

संगणकीकरणाने प्रथम प्रत्येक कचेरीतील काम सोपे केले. नोंदणी खात्यात आय-सरिता ही प्रणाली आली, महसूल खात्यात ई-फेरफार. परंतु आपापल्या भिंतींच्या आत कितीही वेगाने काम झाले, तरी दोन यंत्रांमध्ये कागदच फिरत राहिला तर शेतकऱ्याच्या पदरी विशेष काही पडत नाही. म्हणून या प्रणाली एकमेकींना जोडण्यात आल्या. दस्त नोंदला जाताच त्याचा तपशील ई-फेरफार प्रणालीकडे जातो आणि त्या आधारे गावी फेरफाराची नोंद घेतली जाते. हा झाला खात्याबाहेरचा प्रवाह. त्यापुढील प्रवाह महसूल खात्याच्या आतला : तलाठी (२०२४ पासून हे पद ग्राम महसूल अधिकारी या नावाने ओळखले जाते) तपशील पडताळतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि प्रमाणित होताच सातबारा दुरुस्त होतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. पहिल्या प्रवाहात माणसाने करावयाचे असे काही नाही; निरोप जसाच्या तसा पोचला म्हणजे काम झाले. ते यंत्राने करणेच योग्य. दुसऱ्या प्रवाहात मात्र हक्काचा निर्णय आहे. वाटणी न झालेल्या जमिनीत एखाद्या बहिणीचा हिस्सा डावलला गेला असेल, तर तिला हरकत घेण्यास अवधी हवा. हरकत आली की नोंद तक्रार नोंदवहीत जाते व सुनावणी होते. ही १५ दिवसांची मुदत म्हणजे दफ्तरदिरंगाई असे समजून तिच्यावर त्रागा करणारे पुष्कळ भेटतात. पण संहितेच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सावधगिरीचे कारण कळते.

जोडणीतील खरे कष्ट तारांचे नव्हते, नोंदींचे होते. दोन प्रणालींना एकमेकींची भाषा कळावयाची तर गट क्रमांक, हिस्सा, क्षेत्र आणि नाव दोन्हीकडे सारखे असावे लागते. माणूस ‘विठोबा’ आणि ‘विठ्ठल’ ही एकाच खातेदाराची नावे आहेत हे ओळखतो. यंत्र ओळखत नाही. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळली नाही, तर हस्तलिखित उताऱ्यावर ते वर्षानुवर्षे खपून जाई. संगणकात ते लगेच उघडे पडते. म्हणून हस्तलिखित व संगणकीकृत उतारे ताडून पाहावे लागले, लेखनप्रमाद संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त करावे लागले. २०१७ मध्ये गावोगावी झालेले चावडी वाचन याच कामाचा भाग होते. ज्या गावी लोकांनी ते लक्षपूर्वक ऐकले, तेथे चुका वेळीच सापडल्या. पुढे १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे सातबारा उपलब्ध होऊ लागले, त्यामागे ही किचकट साफसफाई होती.

सर्वच बदल नोंदणीकृत दस्ताने होत नाहीत. खातेदाराच्या मृत्यूनंतरची वारसनोंद, बँकेचा बोजा चढविणे किंवा कमी करणे, अशा कामांसाठी ई-हक्क प्रणालीतून अर्ज करता येतो व तो त्याच फेरफाराच्या प्रवाहात येऊन मिळतो. वारसाची वर्दी मात्र कोणतीही कचेरी आपणहून पाठवीत नाही. ती कुटुंबानेच द्यावी लागते. गावात अशा किती नोंदी राहून गेल्या आहेत, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?