मत बदललेला न्यायाधीश : जॉन मार्शल हार्लन



"बाई, तुम्ही काल वेगळंच सांगितलं होतं!" असं एखादं मूल वर्गात म्हणालं की आपण गडबडतो. मत बदलणं म्हणजे कमीपणा, असं आपल्याला वाटतं ना? म्हणून आज एका अमेरिकन राजकारणी न्यायाधीशांची गोष्ट.

जॉन मार्शल हार्लन यांचा जन्म १८३३ साली केंटकी राज्यात झाला. घरात गुलाम होते. यादवी युद्धात देश फुटू नये म्हणून ते उत्तरेच्या बाजूने लढले. पण गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला मात्र त्यांनी विरोध केला!

युद्धानंतर केंटकीत कृष्णवर्णीयांवर हल्ले होऊ लागले. याच काळात हार्लन यांचे विचार बदलले. १८७१ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा त्यांची जुनी मतं पुन्हा चर्चेत आली. त्यांनी लपवाछपवी केली नाही. आपली भूमिका बदलली आहे, हे लोकांसमोर सरळ मान्य केलं. ती निवडणूक ते हरले, १८७५ चीही हरले.

१८७७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. खरी कसोटी लागली १८९६ मध्ये. लुइझियाना राज्यात गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे डबे वेगळे ठेवण्याचा कायदा होता. होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसले म्हणून त्यांना अटक झाली. सात न्यायाधीश म्हणाले, डबे 'वेगळे पण समान' असतील तर हरकत नाही. हार्लन एकटेच विरोधात गेले. राज्यघटना माणसाचा रंग पाहत नाही, असं त्यांनी लिहिलं.

त्या दिवशी त्यांच्या लिहिण्याने काहीच बदललं नाही. १९११ मध्ये ते वारले. पुढे १९५४ मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की रंगावरून मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे.

मुलांना सांगताना हार्लन यांना देव मात्र करू नका. त्याच निकालपत्रात चिनी लोकांविषयी त्यांनी हिणकस लिहिलं आहे. माणूस एका बाबतीत बदलतो, दुसऱ्या बाबतीत तिथेच राहतो, हेही मुलांना कळू द्या.

गोष्ट झाली की वर्गात एवढंच विचारा, "तुम्ही कधी स्वतःचं मत बदललंत? कशामुळे?" आणि पहिलं उत्तर आपण स्वतः द्या.