आधी अडीचशे प्रती

१९०१ सालचा डिसेंबर. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात आईवडिलांच्या घरी राहणारी पस्तीस वर्षांची एक बाई साठवलेल्या पैशांतून एका छापखान्याचं बिल भरते. छापून आलेल्या प्रती अडीचशे. पुस्तक तळहातापेक्षा थोडंसं मोठं. एका पानावर दोन-चार वाक्यं, समोरच्या पानावर चित्र. हाच क्रम शेवटपर्यंत. सहा प्रकाशकांनी नाकारलेलं हे पुस्तक म्हणजे ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’, आणि ती बाई म्हणजे बिअ‍ॅट्रिक्स पॉटर.

चित्रपुस्तक लिहावं, त्याची चित्रं आपणच काढावीत आणि ते आपणच छापावं, असं मनात असलेली माणसं आता मराठीतही बरीच भेटतात. त्यांच्यासाठी हे जुनं उदाहरण मला मोलाचं वाटतं. प्रकाशक मिळाला नाही म्हणून पॉटरबाईंनी पदरमोड केली, एवढीच ती हकीकत नाही. मोठं, महाग पुस्तक काढायला त्या तयार झाल्या असत्या, तर बोलणी पुढे गेली असती. त्यांना मुलाच्या हातात मावेल असं छोटं पुस्तक हवं होतं. प्रत्येक वाक्यासमोर चित्र हवं होतं आणि किंमत शिलिंगभर हवी होती. एका पुस्तकासाठी सहा शिलिंग मोजणं छोट्या सशांना परवडणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी ओळखीच्या एका मुलीला पत्रात कळवलं होतं. आकार, चित्रं आणि किंमत या तीन गोष्टींवर त्यांना तडजोड नको होती. स्वतः छापण्यामागे याहून चांगलं कारण असू शकत नाही.

या पुस्तकाचं मूळ एका पत्रात आहे. बिअ‍ॅट्रिक्सना पूर्वी घरी शिकवायला येणाऱ्या बाईंचा पाच वर्षांचा मुलगा नोएल मूर आजारी होता. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधल्या डंकेल्डहून त्यांनी त्याला पत्र लिहिलं. काय लिहावं हे सुचत नाही, तेव्हा चार छोट्या सशांची गोष्टच सांगते, अशी सुरुवात करून त्यांनी मजकुराच्या मधेमधे पेनाने चित्रं काढली. नोएलने ते पत्र जपून ठेवलं. सात वर्षांनी त्याच्या आईने सुचवलं की याचं पुस्तक होईल. बिअ‍ॅट्रिक्सनी पत्र परत मागून घेतलं, गोष्ट वाढवली आणि जाड पुठ्ठ्याच्या एका वहीत पानापानाने उतरवून काढली. प्रकाशकांकडे फिरून आली ती हीच वही.

म्हणजे छपाईच्या आधी ही गोष्ट एका खऱ्या मुलाला सांगून झाली होती आणि त्याने ती सात वर्षं सांभाळली होती. बालसाहित्यात याहून कडक परीक्षा नाही.

तयारी मात्र त्या पत्राच्याही कितीतरी आधीची. २८ जुलै १८६६ चा जन्म. शाळेत कधी घातलं नाही. शिक्षिका घरी येत. मुलांच्या खोलीत ससे, उंदीर, साळू, वटवाघळं, सरडे यांचा संसार असे. पाळलेल्या सशांपैकी एकाचं नाव बेंजामिन, दुसऱ्याचं पीटर. प्राणी मेला तरी त्याची हाडं, सांगाडा पाहून चित्र काढायचं, इतकी शिस्त. अळंब्यांची शेकडो चित्रं त्यांनी काढली. अळंब्यांचे बीजाणू कसे रुजतात यावरचा त्यांचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत सादर झाला, पण बायकांना तिथल्या सभेत प्रवेश नसल्यामुळे त्या स्वतः हजर राहू शकल्या नाहीत.

ही नजर चित्रात कशी उतरली, ते जवळून पाहण्यासारखं आहे. निळा कोट आणि बूट घातलेला पीटर दोन पायांवर चालतो, अगदी घरातल्या खोडकर पोरासारखा. ज्यांच्या बागेत तो चोरून शिरतो ते मिस्टर मॅकग्रेगर मागे लागल्यावर पळताना आधी त्याचे बूट जातात. बूट गेले की तो चार पायांवर येतो आणि जास्त जोरात पळू लागतो. पुढे गूजबेरीच्या झुडपांवरच्या जाळ्यात कोटाची मोठी बटणं अडकतात. कोट टाकून निसटावं लागतं, आणि आता पानावर दिसतो तो नुसता ससा, खराखुरा, जिवाच्या भीतीने पळणारा. कपडे म्हणजे माणूसपण आणि कपडे गेले की जनावर, हे मजकुरात कुठेही सांगितलेलं नाही. ते चित्र सांगतं. भाचीला हे पुस्तक मराठीत सांगताना ती प्रत्येक वेळी त्या बटणांवर बोट ठेवायची. गोष्ट कुठे वळते ते तिला मजकुराआधी कळलेलं असायचं.

पुढे एक पान आहे. बागेच्या भिंतीतलं दार बंद, खालून ससा निसटेल एवढी फटही नाही. पीटर दाराला टेकून उभा, एका पायावर दुसरा पाय, पंजा तोंडाशी, डोळ्यांत पाणी. एक म्हातारी उंदरीण दाण्याची ने-आण करते आहे. तिला तो फाटकाचा रस्ता विचारतो, पण तिच्या तोंडात एवढा मोठा वाटाणा आहे की ती बोलूच शकत नाही, नुसती मान हलवते. मदत करणारं कुणी नाही, हा अनुभव चार वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढ्या तपशिलातून मिळतो. चांगल्या चित्रपुस्तकात गोष्ट अशी शब्द आणि चित्र यांच्यात वाटून घेतलेली असते. शब्दांनी जे सांगितलं तेच चित्राने पुन्हा काढलं, तर एकाचे कष्ट वाया गेले.

आता छपाईची बाजू. त्या पहिल्या आवृत्तीत आतली सगळी चित्रं काळी-पांढरी होती, जस्ताचे ब्लॉक करून छापलेली. रंगीत चित्र एकच, सुरुवातीचं, तीन रंगांच्या तेव्हाच्या नव्या पद्धतीने छापलेलं. सगळी चित्रं रंगीत का नाहीत, याची कारणं बाईंनी नंतर प्रकाशकाला स्पष्ट कळवली. चांगली रंगीत छपाई फार महाग पडते, आणि दुसरं म्हणजे यातले बहुतेक विषय सशाच्या तपकिरी नाहीतर हिरव्या रंगाचे, त्यात रंगाला वाव कमी. खर्चाचा हिशेब आणि चित्राचा हिशेब त्यांनी एकत्र मांडला होता. प्रती ओळखीपाळखीत गेल्या, काही विकल्या. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनीही आपल्या मुलांसाठी एक घेतली. दोन महिन्यांतच, फेब्रुवारी १९०२ मध्ये, आणखी दोनशे प्रती छापाव्या लागल्या.

दरम्यान, आधी नकार दिलेल्यांपैकी फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनीने पुन्हा विचार केला होता. त्यांची अट एकच, चित्रं रंगीत हवीत. बाईंनी ती मानली आणि सगळी चित्रं नव्याने रंगवली. पुस्तकाचा छोटा आकार मात्र राहिला आणि किंमत एक शिलिंगच राहिली. ऑक्टोबर १९०२ मध्ये आठ हजार प्रतींची आवृत्ती निघाली. ती प्रसिद्धीच्या आधीच मागणीत संपली होती. वर्ष सरेपर्यंत २८ हजार प्रती छापून झाल्या.

यश आलं तरी बाईंनी स्वतः छापणं लगेच सोडलं नाही. ग्लॉस्टरच्या शिंप्याची गोष्ट त्यांनी डिसेंबर १९०२ मध्ये पदरच्या पैशाने पाचशे प्रतींत छापली, कारण प्रकाशक तिला कात्री लावतील अशी त्यांना शंका होती. वॉर्नची आवृत्ती त्यानंतर १९०३ मध्ये आली. त्याच वर्षी त्यांनी पीटरची कापडी बाहुली बनवून तिची सरकारदरबारी नोंदणी केली. उलट, अमेरिकेत पुस्तकाच्या हक्काची नोंद वेळेवर झाली नाही आणि तिथे परस्पर आवृत्त्या निघाल्या, त्याचा एक पैसाही बाईंना मिळाला नाही. पुस्तकांच्या रॉयल्टीतून आणि मिळालेल्या वारशातून १९०५ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधलं हिल टॉप हे शेत घेतलं, पुढे एकेक करत जमीन वाढवली. २२ डिसेंबर १९४३ ला त्या गेल्या, तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या नावे करून ठेवली होती.

आपल्याकडे लेखन आणि चित्रं दोन्ही एकाच हातची असली की काय होतं, हे माधुरी पुरंदरे यांच्या ‘यश’ आणि ‘राधाचं घर’ या पुस्तकांत दिसतं. त्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. हे काम पोरखेळ नाही, हे त्यांची पुस्तकं पाहून कुणालाही पटेल.

मी स्वतः पहिलं चित्रपुस्तक छापलं तेव्हा डमी, म्हणजे पुस्तकाची हाताने केलेली कच्ची प्रत, केली नव्हती. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात हत्तीचा डोळा नेमका मधल्या घडीवर आला आणि बांधणीत गेला. चूक माझीच होती. तेव्हापासून आधी डमी आणि मग चित्र, हा नियम मी मोडलेला नाही. डमी करायला काहीच लागत नाही. आठ कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडायचे आणि घडीवर टाके घालायचे, बत्तीस पानं तयार. पहिलं पान उजवीकडे येतं. नावाचं पान, श्रेयाचं पान वजा केलं की गोष्टीला किती जागा उरते ते लगेच दिसतं. उत्कंठा उजव्या पानाच्या शेवटी ठेवायची, म्हणजे पान उलटायला मुलाचा हात आपण होऊन पुढे येतो. छापखान्याचा फॉर्म सहसा सोळा पानांचा असतो, म्हणून सोळाच्या पटीत बेत केला की कागद वाया जात नाही. जागेचं हे गणित पॉटरबाईंनाही चुकलं नाही. पुढच्या एका आवृत्तीत पुठ्ठ्याच्या आतल्या पानांवर चित्रं घालायची ठरली, तेव्हा त्यांना आतली चार चित्रं काढून टाकावी लागली.

आपल्या लिपीचं आणखी एक पथ्य आहे. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळींत अंतर कमी पडलं की नव्याने वाचणारं मूल अडखळतं. गडद चित्रावर मजकूर छापला तर मात्रा रंगात बुडतात. अगदी पहिल्या वाचकासाठी लिहायचं तर जोडाक्षरं टाळून लिहिता येतं का, ते पाहावं. चित्रकार दुसरा असेल तर मानधन, श्रेय आणि चित्रांचे हक्क आधी कागदावर यावेत. आयएसबीएन आपल्याकडे सरकारकडून विनामूल्य मिळतो. ऑफसेटला थोड्या प्रती महाग पडतात, तिथे डिजिटल छपाई कामी येते. अडीचशे प्रती छापणं आज १९०१ पेक्षा सोपं आहे.

अवघड आहे ते त्याआधीचं. आपल्या पुस्तकात काय सोडायचं नाही, ते आधी ठरवा. मग डमी एखाद्या मुलाच्या हातात द्या आणि आपण गप्प बसा. ते कुठल्या पानावर थांबतं, कुठलं पान उलटायची घाई करतं, कुठे बोट ठेवतं, ते पाहा आणि त्याप्रमाणे पानं बदला. छापखान्यात त्यानंतर जा.