कांचपेटींतील अनोळखी प्रवाळ

परदेशांतील हौशी लोक खाऱ्या पाण्याच्या कांचपेटींत समुद्रांतील सजीव खडक ठेवतात. कांहीं महिन्यांनीं त्यावर एखादा अनोळखी अंकुर उमलतो. श्रोतेहो, तें फूल नव्हे, प्राणी आहे. मात्र तो प्रवाळच असेल असें नाहीं.

रंगावर भिस्त ठेवूं नये. तपकिरी छटा बहुधा अंगांत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांची असते व प्रकाशाप्रमाणें पालटते. भिंगानें स्पर्शिका मोजाव्या. पिसासारख्या आठ असल्यास मऊ प्रवाळ. सहाच्या पटींत असून तळाशीं चुन्याची बैठक असल्यास दगडी. बैठक मुळींच नाहीं आणि स्पर्श होतांच जीव भोकांत शिरला, तर तें बहुधा ऐप्टेशिया नांवाचें समुद्रफूल. तें शेजाऱ्यांना डंख करतें. उपटलें तर उरल्या तुकड्यांतून पुन्हां उगवतें!

दगडी प्रवाळास २५ अंश सेंटिग्रेडच्या आसपासचें पाणी, भरपूर उजेड व खेळता प्रवाह हवा. सांगाड्यासाठीं लिटरमागें सुमारें ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम टिकवावें लागतें. पाणी कांहीं आठवडे एकदोन अंशांनीं अधिक तापलेलें राहिलें, कीं अन्न पुरविणारीं शैवालें निघून जातात. प्रवाळ पांढरा पडून उपासानें मरूं शकतो.

मालवणच्या समुद्रांतही प्रवाळ आहेत. पण दगडी प्रवाळ तेथून तोडून आणणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे.