एकोणचाळीस अंकांची मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. २ चा १२७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ती मिळते. अशा घडणीच्या मूळ संख्या फ्रेंच धर्मगुरू मारां मर्सेन याच्या नावाने ओळखल्या जातात. त्यांच्यासाठी घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढे पुरत नाही: २ चा ११ वा घात उणे १ म्हणजे २०४७, आणि २३ गुणिले ८९ बरोबर २०४७.

मर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत ६७ आणि २५७ चुकून आले, ६१, ८९ व १०७ राहून गेले. १२७ मात्र बरोबर निघाला. त्याची सिद्धता १८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने दिली.

भागाकार करत बसून हे साधण्यासारखे नव्हते. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक २५४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असायला हवा, हे खरे. पण वर्गमुळापर्यंत अशा संख्या सुमारे पाचशे कोटी कोटी भरतात. ल्युकाने विभाजक शोधणेच सोडून दिले. त्याची कसोटी अमेरिकी गणिती डी. एच. लेमर याने १९३० मध्ये सुटसुटीत केली. ४ पासून सुरुवात करावी, दर वेळी वर्ग करून २ वजा करावेत आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवावी. १२७ या धाकट्या मर्सेन संख्येसाठी ४, १४, ६७, ४२, १११, ० अशी मालिका येते. पाचव्या पायरीला शून्य आले, म्हणून १२७ मूळ. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्याच पायऱ्या लागतात. ३९ अंकी संख्येला १२५. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल इतक्या थोड्या पायऱ्यांत लागावा, ही अंकगणितातली खरोखर देखणी गोष्ट आहे.

शिवाय ही बाकी काढायला भागाकारही लागत नाही. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने १२७ एक. गुणाकारातले उजवीकडचे १२७ अंक वेगळे काढून उरलेला डावा भाग त्यांत मिळवला की काम झाले. ल्युकाची ही संख्या १९५१ पर्यंत, तब्बल ७५ वर्षे, ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली.

तिला २ च्या १२६ व्या घाताने गुणले तर ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःहून लहान अशा आपल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी.

२, ३, ७, १२७ आणि ही संख्या अशी एक साखळीही आहे. प्रत्येक संख्या घातांक म्हणून वापरून त्या २ च्या घातातून १ वजा केला की पुढची मिळते, आणि या पाचही मूळ आहेत. सहावीही मूळ आहे का, हे अद्याप ठरलेले नाही. तिच्यातल्या अंकांची संख्याच ३८ अंकी आहे, त्यामुळे ल्युकाची कसोटी तिथे चालवणे अशक्य. लहान विभाजक शोधत राहणे एवढाच मार्ग उरतो, आणि असा विभाजक आजवर सापडलेला नाही.