छापलेला क्यूआर कोड चालू ठेवायचा तर : ‘आरक्लोन’ने क्लाउडवर फाईल अपलोड

शाळेतला क्यूआर कोड म्हटलं की आपला सोलापूर जिल्हा आठवतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. आज कितीतरी शिक्षक स्वतःच्या व्हिडिओंचे, कवितांच्या ऑडिओंचे कोड छापून मुलांना देतात.

पण लक्षात घ्या, कोडमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता म्हणजे लिंक असते. फाईल असते गुगल ड्राइव्हसारख्या क्लाउडवर. ती तिथून गेली की मुलांच्या वहीत चिकटवलेला कोड निकामी! म्हणून अपलोड कसं करायचं ते नीट समजून घेऊ.

ब्राउझर असताना कमांड कशाला?

चार-दोन फाईल असतील तर ब्राउझर पुरतो. पण दोनशे व्हिडिओ चढवताना मध्येच नेट किंवा लाईट गेली, की काय गेलं आणि काय राहिलं हे शोधत बसावं लागतं. ‘आरक्लोन’ या मोफत साधनात तीच कमांड पुन्हा द्यायची. आधीच चढलेल्या आणि न बदललेल्या फाईल ते सोडून देतं, उरलेल्याच पाठवतं. अर्धवट राहिलेली फाईल मात्र पहिल्यापासून जाते.

कृती

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करा. आरक्लोनचं स्पेलिंग : आर-सी-एल-ओ-एन-ई.

१. आरक्लोन डाउनलोड करून झिप फाईल उघडा आणि त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट सुरू करा.

२. ‘आरक्लोन कॉन्फिग’ द्या. नवीन जोडणीसाठी ‘एन’ दाबा, तिला ‘शाळा’ असं नाव द्या आणि यादीतून गुगल ड्राइव्ह निवडा. ब्राउझर उघडला की लॉगिन करून परवानगी द्या. हे एकदाच करायचं.

३. आता रंगीत तालीम : ‘आरक्लोन कॉपी डी:\धडे शाळा:धडे --ड्राय-रन’. यात काहीच अपलोड होत नाही, काय होणार ते फक्त दिसतं. ‘शाळा’नंतरचा कोलन विसरू नका. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा.

४. सगळं ठीक वाटलं तर ‘ड्राय-रन’ काढून तीच कमांड द्या. शेवटी ‘-पी’ जोडलं (पी मोठ्या लिपीतला), तर किती काम झालं ते दिसत राहतं.

५. शेवटी ‘आरक्लोन चेक डी:\धडे शाळा:धडे’. दोन्हीकडच्या फाईल जुळतात का, ते कळतं.

कॉपी की सिंक?

इथेच खरी गोम आहे. ‘कॉपी’ क्लाउडवरचं काही पुसत नाही. ‘सिंक’ मात्र क्लाउडला संगणकाची हुबेहूब नक्कल बनवतं. म्हणजे जागा हवी म्हणून तुम्ही संगणकावरचा जुना धडा पुसलात आणि ‘सिंक’ दिलंत, तर क्लाउडवरचाही जातो. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तो ३० दिवस राहतो, नंतर कायमचा जातो. शाळेच्या कामासाठी ‘कॉपी’च बरी.

फाईलच्या नावाचंही तसंच. ड्राइव्हची लिंक फाईलच्या ओळख क्रमांकावर चालते. व्हिडिओत दुरुस्ती केली आणि त्याच नावाने, त्याच फोल्डरमधून ‘कॉपी’ केली, तर क्रमांक तोच राहतो; जुन्या कोडवर नवा व्हिडिओ दिसतो. संगणकावर नाव बदललं, तर मात्र ती नवी फाईल ठरते. जुना कोड जुनाच व्हिडिओ दाखवत राहतो. म्हणून ‘इयत्ता४-गणित-०७’ अशी नावं सुरुवातीलाच ठरवा.

दोन काळज्या

आरक्लोनच्या कॉन्फिग फाईलमध्ये तुमच्या ड्राइव्हची किल्ली साठते. नेट कॅफेतल्या किंवा सगळ्यांच्या वापरातल्या संगणकावर हे करू नका. दुसरं, कोड चालायला धड्यांचा फोल्डर ‘लिंक असलेल्या कोणालाही’ खुला करावा लागतो. त्यात मुलांचे फोटो, हजेरी, निकाल चुकूनही ठेवू नका. त्यांचा फोल्डर वेगळा हवा.

छापण्याआधी प्रत्येक कोड दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा. तुमच्या मोबाईलवर तुमचं लॉगिन असतं, त्यामुळे बंद फाईलसुद्धा उघडते. पालकांच्या मोबाईलवर ती उघडली, तरच काम झालं म्हणायचं.