पारा, वही आणि शेरा

उधना आणि सचिन यांच्या मधलं रेल्वे स्थानक म्हणजे भेस्तान. आजूबाजूला पांडेसराच्या डाइंग-प्रिंटिंग गिरण्या, यंत्रमागांचे कारखाने आणि त्यांच्या आधाराने वसलेल्या कामगारांच्या सोसायट्या. जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून येणारी तापी खोऱ्यातली रेल्वे उधन्याला मिळते, आणि त्या वाटेने आलेली खानदेशी माणसं सुरतच्या या दक्षिण भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. एप्रिल उजाडला की त्यांच्या तोंडी एक वाक्य असतंच : पूर्वी इतकं ऊन नव्हतं.

हे खरं की खोटं, ते ठरवायचं तर आठवण पुरत नाही, नोंद लागते. आणि नोंद शंभर वर्षांची असेल तर तीही वहीत लिहिली आहे तशी वापरता येत नाही. तिच्यातले अंश तपासावे लागतात, कधी दुरुस्त करावे लागतात. या कामाबद्दल सामान्य वाचकाला फार कमी सांगितलं गेलं आहे. त्यामुळेच ‘जुने आकडे बदलले’ असं कानावर आलं की संशय येतो.

पेटीतलं तापमान

हवामान खात्याचं तापमान हे उन्हाचं नसतं, सावलीतल्या हवेचं असतं. त्यासाठी पांढऱ्या रंगाची, तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी भिंतींची लाकडी पेटी वापरतात. स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती तयार केली. (कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा.) तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर राहतात. पेटीचं दार आपल्याकडे उत्तरेला ठेवतात, म्हणजे उघडताना आत ऊन पडत नाही. आत चार तापमापक असतात : कोरडा, ओल्या कापडाचा, कमाल आणि किमान. कमाल तापमापकात पारा असतो आणि त्याची नळी एके ठिकाणी अरुंद असते. चढलेला पारा आपोआप खाली उतरत नाही, झटकून उतरवावा लागतो. किमान तापमापकात अल्कोहोल असतं आणि त्यात एक बारीक दांडी सरकते.

निरीक्षक सकाळी साडेआठला किमान आणि संध्याकाळी साडेपाचला कमाल तापमान वाचतो, आणि वहीत लिहितो. शेजारी शेऱ्याचा रकाना असतो : नळी फुटली, तापमापक बदलला, पेटीला रंग दिला, पेटी हलवली. माझ्या मते त्या वहीतला सर्वांत मोलाचा रकाना हाच.

कारण पेटी आणि तिच्याभोवतीचं सगळंच बदलत गेलं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत भारतात अनेक ठिकाणी तापमापक गवताने शाकारलेल्या उघड्या छपराखाली असत. स्टीव्हन्सनची पेटी नंतर रूढ झाली. छपराखालची हवा आणि पेटीतली हवा तंतोतंत सारखी नसते. वेळही बदलली. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली. सुरत आणि मुंबई जवळपास एकाच रेखांशावर आहेत, आणि तिथला सूर्य या प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटं मागे चालतो. घड्याळात तोच आकडा असला, तरी निरीक्षणाच्या वेळी सूर्य दुसऱ्याच जागी असतो. पुढे १९५०च्या दशकात फॅरनहाइट जाऊन सेल्सिअस आलं.

कुलाब्याची परंपरा

पश्चिम भारतात पद्धतशीर निरीक्षणांची मोठी परंपरा कुलाबा वेधशाळेची. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ साली उभारली, आणि १८४१पासून तिथे चुंबकीय निरीक्षणं सुरू झाली. मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. बाळशास्त्री जांभेकरांनी या वेधशाळेचा कारभार पाहिला होता, आणि पुढे गणिताचे प्राध्यापक म्हणून ख्यातनाम झालेले केरूनाना छत्रे तरुणपणी इथे साहाय्यक होते. ठरल्या वेळी उठून काटा वाचणं आणि तो जसा दिसला तसाच लिहिणं, ही शिस्त आपल्या आधुनिक विद्येच्या पायातली आहे.

भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. त्याचं मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला गेलं आणि १९२८ साली पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण देशभरच्या नोंदींचं राष्ट्रीय दप्तर पुण्यातच राहिलं.

अलिबागची दोन वर्षं

नोंदीची जागा बदलायची तर कशी, याचा उत्तम धडा महाराष्ट्रातच सापडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामची तयारी सुरू झाली. त्या विजेने कुलाब्याच्या नाजूक चुंबकीय निरीक्षणांत ढवळाढवळ होणार, हे तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखलं. समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा बांधण्यात आली. लोखंडाचा चुंबकावर परिणाम होतो, म्हणून बांधकामाचं साहित्यही तसं निवडलं गेलं.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी. अलिबाग १९०४ साली सुरू झालं, तरी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी निरीक्षणं घेतली गेली. म्हणून दोन जागांमधला फरक मोजता आला आणि १८४१पासूनचा धागा न तुटता पुढे चालू राहिला.

हे उदाहरण चुंबकत्वाचं असलं तरी नियम तापमानालाही तोच लागू आहे. मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझ ही दोन केंद्रं एकाच वेळी चालतात. हिवाळ्यातल्या पहाटे सांताक्रूझ कुलाब्यापेक्षा तीन-चार अंशांनी सहज थंड असतं. उद्या कोणी कुलाब्याची जुनी वही आणि सांताक्रूझची नवी वही न विचारता जोडली, तर मुंबई थंड होत चालल्याचा ‘पुरावा’ हाती येईल.

दुरुस्ती कशी होते

सगळीकडे अलिबागसारखी दूरदृष्टी नसते. पेटी हलते, शेरा राहून जातो. अशा वेळी शेजारची केंद्रं साक्षीला घेतात. समजा, दक्षिण गुजरातच्या एका केंद्राचं तापमान शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा वर्षानुवर्षं ०.२ अंशाने जास्त आहे. उष्णतेची लाट आली तर ती सगळ्यांवर येते, त्यामुळे हा फरक फारसा हलत नाही. एका वर्षी मात्र तो अचानक १ अंशावर जातो आणि तिथेच राहतो. एकट्या त्या गावाचं हवामान एका रात्रीत बदलत नाही. बदललं ते मोजमाप. मग आधीच्या नोंदींत ०.८ अंश मिळवून त्या आजच्या मोजमापाशी जुळवतात. आजचं केंद्र चालू असतं, म्हणून दुरुस्ती जुन्या आकड्यांत होते. संशयाचं मूळ इथेच आहे, आणि उत्तरही इथेच : मूळ वही खोडली जात नाही. तिच्या शेजारी दुसरी, जुळवलेली मालिका तयार होते.

त्याआधी चाळणी लागते. ४३च्या जागी ३४ लिहिलं गेलं का? किमान तापमान कमालपेक्षा जास्त आहे का? पुण्यात हवामानशास्त्रज्ञ श्रीवास्तव, राजीवन आणि क्षीरसागर यांनी २००९ साली १९६९ ते २००५ या काळाचे दैनिक तापमानाचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांच्या तपासणीतून पार झालेली ३९५ केंद्रं त्यांनी वापरली.

एवढी काटेकोरी कशासाठी? १९०१ ते २०२४ या काळात भारताचं सरासरी तापमान शंभर वर्षांना साधारण ०.६८ अंश या गतीने वाढलं, असं हवामान विभाग सांगतो. पेटी छतावर नेली किंवा भिंतीला टेकवली, तर एवढा फरक एका दिवसात पडू शकतो. न तपासलेली नोंद खरी तापवाढ लपवूही शकते आणि खोटी दाखवूही शकते.

यंत्रं आली तरी

स्वयंचलित केंद्रांमुळे ही काळजी संपलेली नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. तपासात तिथला संवेदक (सेन्सर) तीन अंशांनी जास्त दाखवत असल्याचं आढळलं. दुसऱ्याच दिवशी नागपुरातल्या एका केंद्राने ५६ अंश दाखवले. तोही बिघाडच होता. जागतिक विक्रमही या तपासणीतून सुटलेले नाहीत. लिबियातल्या अल अझिझियाचा १९२२ सालचा ५८ अंशांचा विक्रम जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली, नव्वद वर्षांनी, रद्द केला. नवख्या निरीक्षकाने उपकरण चुकीचं वाचलं असावं, हे त्यामागचं एक कारण.

दुरुस्त्या तापवाढ फुगवण्यासाठी होतात, असा आरोप होतो. सगळ्या पृथ्वीचा हिशेब मांडला तर उलटं दिसतं. पूर्वी जहाजावरून कापडी बादलीने समुद्राचं पाणी वर काढून त्याचं तापमान घेत. ओढेपर्यंत बाष्पीभवनाने ते निवत असे, आणि समुद्र होता त्याहून थंड नोंदला जाई. ही चूक सुधारली की जुना समुद्र थोडा उबदार ठरतो आणि शतकभराची जागतिक वाढ मूळ आकड्यांपेक्षा किंचित कमी भरते.

भेस्तानच्या दोन वह्या

आता पुन्हा सुरतेकडे. १९५१ साली या शहराची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत होती; २०११च्या जनगणनेत ती ४४ लाखांवर गेली. एकेकाळी आठ-एक चौरस किलोमीटरची महापालिका हद्द २००६ साली ३२६ चौरस किलोमीटर झाली. शेताच्या बांधावर ठेवलेली एखादी पेटी या वाढीत जागची न हलताही शहरात आली असती. काँक्रीट आणि डांबर दिवसाची उष्णता साठवतात, रात्री सोडतात; त्यामुळे किमान तापमान वाढतं.

ही वाढ चूक मानून वजा करायची का? प्रश्न कोणता, त्यावर ते ठरतं. पृथ्वी किती तापली हे विचारायचं असेल, तर शहराची स्थानिक ऊब वेगळी काढावीच लागेल. पण यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या माणसासाठी ती ऊब पूर्ण खरी आहे. त्याच्या शरीराला रात्री विसावा मिळतो की नाही, हे तीच ठरवते. जुळवलेली मालिका हवामानबदलाच्या अभ्यासाला हवी, आणि मूळ नोंद पालिकेच्या उष्माघात-नियोजनाला हवी. एकीच्या नावाने दुसरी खोटी ठरवणं हा दोन्हींवर अन्याय आहे.

म्हणून मागणं साधं आहे. वेधशाळांत, कृषी केंद्रांत, महाविद्यालयांत पडलेल्या जुन्या वह्या शेऱ्यांसकट जपाव्यात आणि त्यांच्या प्रतिमा काढाव्यात. पाऱ्याची उपकरणं जात असताना नवा संवेदक किमान दोन वर्षं जुन्यासोबत चालवावा. मूळ आकडे, दुरुस्त आकडे आणि दुरुस्तीचं कारण, तिन्ही लोकांसमोर ठेवावीत. आणि केंद्र नेमताना हिरवळीच्या मैदानाइतकीच कामगारवस्तीची जागाही मोजावी. तसं झालं तर ‘पूर्वी इतकं ऊन नव्हतं’ म्हणणाऱ्या माणसाला भावनेने नव्हे, अंशांत उत्तर देता येईल. आणि ते उत्तर त्याच्या बाजूचं निघालं, तर सावली, पाणी आणि कामाच्या वेळा मागण्याचा हक्कही त्याच्या हाती येईल.