विसकटलेली अक्षरे आणि शब्दांचे अर्थ

पालघर, बोईसर आणि तारापूर. तिन्ही नावे चार-चार अक्षरांची. यांपैकी एखाद्या नावाची अक्षरे विसकटून ‘रा-र-ता-पू’ अशी लिहिली, तर ते ओळखायला कितीसा वेळ लागेल? नाव परिचयाचे असेल तर क्षणभर पुरे. परंतु त्या क्षणभरात आपण किती मांडण्या बाजूला सारतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे.

पहिल्या जागी चारांपैकी कोणतेही अक्षर येऊ शकते. दुसऱ्या जागेसाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन आणि शेवटी एक. म्हणून एकूण मांडण्या ४ × ३ × २ × १ = २४. निरनिराळी पाच अक्षरे असतील तर १२०, सहा असतील तर ७२०. दहा अक्षरांच्या मांडण्या होतात ३६,२८,८००! दर सेकंदाला एक या वेगाने, न झोपता त्या तपासल्या तर बरोबर ४२ दिवस लागतील. मग कोडे सोडवणारा मनुष्य पाच-दहा मिनिटांत उत्तर कसे काढतो?

नियमांची चाळणी

तो सर्व मांडण्या तपासतच नाही. भाषेचे नियम चाळणीसारखे काम करतात. समजा, ‘तारापूर’मधली चिन्हेसुद्धा सुटी केली. मग त, र, प, र ही चार व्यंजने, दोन काने आणि एक ऊकार अशी सात चिन्हे मिळतात. र आणि काना दोनदोनदा आल्यामुळे मांडण्या होतात ५०४० ÷ ४ = १२६०. पण काना किंवा ऊकार एकटा उभा राहू शकत नाही, आणि एका व्यंजनाला असे एकच चिन्ह लागते. एवढा नियम लावताच लिहिता येण्याजोग्या मांडण्या १४४ उरतात (व्यंजनांचे १२ क्रम आणि प्रत्येक क्रमात चिन्हे लावण्याच्या १२ तऱ्हा). अक्षरे काना-ऊकारासह अखंड ठेवली की २४. आता नागपूर, सोलापूर, चंद्रपूर ही नावे आठवून ‘पूर’ शेवटी ठेवा. उरतात फक्त दोन : तारापूर आणि रातापूर. त्यातले खरे कोणते, हे मात्र गणित सांगत नाही. त्यासाठी गाव ठाऊक असावे लागते.

अर्थाची किल्ली

क, म, ल यांच्या सहा मांडण्यांपैकी ‘कमल’ आणि ‘कलम’ या दोन आपल्या ओळखीच्या. त्यातही ‘कलम’ म्हणजे लेखणी, कायद्यातले कलम, की घोलवडच्या बागेतले चिकूचे कलम, हे वाक्यावरूनच ठरते. ‘पालघर’ची दोन अर्धुके उलटवली तर ‘घरपाल’ होते. हा शब्द आपण वापरत नाही, तरी ‘द्वारपाल’ माहीत असणारा त्याचा अर्थ सहज सांगेल.

हीच किल्ली शास्त्रीय शब्दांना लागते. ‘न-खं-वि-ड’ यातून ‘विखंडन’ निघते. खंड म्हणजे तुकडा. न्यूट्रॉनच्या आघाताने युरेनियमच्या जड केंद्रकाचे दोन लहान केंद्रकांत तुकडे होणे, हे विखंडन. या क्रियेतील उष्णतेने पाण्याची वाफ करून १९६९ साली तारापूरला भारतातील पहिल्या अणुवीज केंद्रात वीजनिर्मिती सुरू झाली. ‘खंड’ ज्याला समजला, त्याला व्याख्या घोकावी लागत नाही.

केप्लरची फसगत

अक्षरांची अशी उलटापालट शास्त्रज्ञांनीही मुद्दाम केली आहे. १६१० साली गॅलिलिओने शनीचे दुर्बिणीतून निरीक्षण केले. शोध गुप्त राहावा, पण पहिला मानही आपल्याकडेच राहावा, म्हणून त्याने लॅटिन वाक्याची ३७ अक्षरे विसकटून कळवली. केप्लर ती जुळवायला बसला. पृथ्वीला एक चंद्र, गुरूला चार, तेव्हा मधल्या मंगळाला दोन असावेत, असे त्याला वाटत होते. आणि त्याने अक्षरांतून नेमका तोच अर्थ काढला! गॅलिलिओचे मूळ म्हणणे निराळेच होते : सर्वांत दूरचा ग्रह आपल्याला तिहेरी दिसला. ती शनीची वलये होती, हे हायगेन्सने १६५९ साली प्रसिद्ध केले. पुढे १८७७ साली मंगळाला खरोखरच दोन चंद्र सापडले. पण तो योगायोग. केप्लरजवळ पुरावा नव्हता, होती ती जुळवलेली अक्षरे.

अक्षरे जुळली म्हणजे उत्तर मिळाले, असे नव्हे. मिळालेल्या शब्दाचा अर्थ लावून तो पडताळून पाहिला, तरच कोडे सुटले म्हणायचे.

तुम्ही करून पाहा

पुढील शब्द ओळखा. प्रत्येकाच्या एकूण मांडण्या मोजा आणि अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.
(१) ण-र्ष-घ
(२) न-ष्पी-व-बा-भ
(३) नि-म-क-स-स्था

उत्तरे : (१) घर्षण, ६; (२) बाष्पीभवन, १२०; (३) समस्थानिक, १२०. अर्थांची उत्तरे येथे दिलेली नाहीत. ती वर्गात एकमेकांना समजावून सांगा.